नादगुरूंची पितळी पट्टी

रविवारी सकाळी अकरा वाजता, विजेच्या सामानाच्या दुकानावरच्या मजल्यावर, सव्वीस माणसं श्वास रोखून बसली होती. खिडक्यांना जाड पडदे, भिंतींना स्पंज, खाली गालिचा. गालिचा मळू नये म्हणून जोडे जिन्यातच काढायचे. समोर माणसाएवढे उंच दोन स्पीकर आणि त्यांच्या मधोमध नादगुरू.

नादगुरूंचं खरं नाव खाली दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते आता कुणी वाचत नसे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते याच दुकानात छताचे पंखे विकत. पंख्याला गिऱ्हाईक मिळतं, शिष्य मिळत नाहीत, हे त्यांच्या वेळीच लक्षात आलं होतं.

"मंडळी," नादगुरू आवाज खाली आणत म्हणाले, "या स्पीकरच्या पाठीवर तारा जोडायच्या चार खुंट्या असतात. वरच्या दोन बारीक आवाजाच्या, खालच्या दोन जाड आवाजाच्या. आणि कारखाना काय करतो? वरच्या-खालच्यांना पितळी पट्टीने एकमेकांना जखडून टाकतो! एकाच अँपच्या, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या पेटीच्या, ताटात दोघांनी जेवायचं. थोरला सगळं ओरपतो, धाकटा बोटं चाटत बसतो. मंडळी, तुमच्या घरातला बारीक आवाज उपाशी आहे!"

"उपाशी," मागच्या रांगेतून कुणीतरी हळहळलं.

त्यांनी एक गाणं लावलं. एक बाई गात होत्या, बरं गात होत्या. मग गाणं थांबवून नादगुरूंनी पेचकस काढला, स्पीकरमागे वाकले आणि दोन्ही पट्ट्या सोडवून दोन बोटांत उंच धरल्या. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढून पेशंटला दाखवावी तशा. दाताचे एक डॉक्टर पहिल्या रांगेत होतेही, आणि त्यांनी मान डोलावली.

"आता जाड आवाजाला एक अँप, बारीक आवाजाला दुसरा. यालाच म्हणतात बाय-अँपिंग. ऐका."

त्यांनी स्पीकरना नव्या तारा जोडल्या, एका काळ्या पेटीवरचा खटका एकवरून, म्हणजे एका अँपवरून, दोनवर टाकला, तिथलंच कसलंसं बटण जरा कुरवाळलं आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

"अहाहा!" दाताचे डॉक्टर ओरडले. "बाईंचा श्वास ऐकू आला!"

"माझ्या अंगावर काटा आला, हा बघा," म्हणत एका इमारत-कंत्राटदाराने बाही वर केली.

तिसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेजारी बसलेल्या सुनेचं मनगट घट्ट धरलं. "ऐकलंस ना, पोरी? शब्द न् शब्द!"

सुनेने ऐकलं होतं. तिला गाणं थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यापलीकडे काही नाही. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू उमटलं होतं. "हो बाबा," ती म्हणाली.

तिचं कामच कानांचं होतं. रुग्णालयात ती माणसाला बंद खोलीत बसवायची, कानांवर हेडफोन चढवायची, काचेपलीकडून बारीक-मोठे आवाज सोडायची. ऐकू आलं की पेशंटने बटण दाबायचं. अकरा वर्षांत तिने एक गोष्ट हजारदा पाहिली होती: काहीही वाजलेलं नसताना माणसं बटण दाबतात. ती खोटं बोलत नसतात. ऐकू यावं असं त्यांना मनापासून वाटत असतं, म्हणून त्यांना ऐकू येतं.

तिचे सासरे पत्रा कापण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं फोरमन होते. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. तिथल्या प्रेस-यंत्रांच्या धडधडाटात त्यांनी कापसाचा बोळासुद्धा कधी कानात घातला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी एकच हौस केली, मोठा टीव्ही आणि होम थिएटर. आणि तिथूनच बिनसायला लागलं. सिनेमातली माणसं काय बोलतात ते त्यांना कळेना. स्फोट ऐकू येत, संवाद नाही. आवाज वाढवला की सासूबाई आतून दार लावून घेत.

"हल्ली कुणाला बोलताच येत नाही," फोरमन म्हणत. "सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात." हे सिनेमातल्या नटांबद्दल सुरू झालं आणि हळूहळू सासूबाईंपर्यंत आलं. "तूसुद्धा! चाळीस वर्षं नीट बोलायचीस. आता काय झालंय?"

सासूबाईंनी आधी मोठ्याने बोलून पाहिलं. मग "ओरडतेस कशाला?" असं ऐकून घेतलं. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. जेवायला बोलवायचं तर ताटाचा आवाज करायच्या.

"बाबा, एकदा कान तपासू या का?" सुनेने दोनदा विचारून पाहिलं होतं.

"माझ्या कानांना काय धाड भरलीय? प्रेस बिघडला की मी आवाजावरून सांगायचो, कुठला बोल्ट सैल आहे ते."

स्पीकरमध्येच दोष आहे हे एकदा ठरलं, की तो काढणारा माणूस भेटतोच. नादगुरूंनी पहिल्या भेटीत मधला स्पीकर काढायला लावला. तो म्हणे संवादांचा गळा आवळतो. दुसऱ्या भेटीत तारा बदलल्या. आणि त्या रविवारनंतर, मंगळवारी, ते स्वतः घरी बाय-अँपिंग करायला आले. फोरमनच्या थिएटर-अँपला मागे सात स्पीकर जोडायची सोय होती आणि वापरात होते दोनच. उरलेल्यांतल्या दोन जागा बारीक आवाजाला दिल्या की झालं, असं नादगुरू म्हणाले. पट्ट्या निघाल्या, तारा लागल्या, सिनेमा लागला.

संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा फोरमन दारातच उभे होते. "ये, ये, ऐक! काय स्वच्छ आवाज झालाय! गुरुजी स्वतः म्हणाले, असं घर त्यांनी पाहिलं नाही."

सून चपला न काढताच ऐकत राहिली. टीव्हीवर दोन माणसं भांडत होती आणि दोघंही उशीत तोंड खुपसून भांडताहेत असं वाटत होतं.

"आई, तुम्हाला कसं वाटतंय?" तिने स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, बिघडलं. पण गुरुजींनी डोळे मिटून मान हलवली, मग मी म्हटलं नसेल बिघडलं."

फोरमन फिरायला गेल्यावर सुनेने स्पीकरला कान लावला. खालच्या मोठ्या भोंग्यातून आवाज येत होता. वर, रुपयाच्या नाण्याएवढी जी गोल घुमटी असते, बारीक आवाजाची, तिला ट्विटर म्हणतात, ती मुकी होती. दुसऱ्या स्पीकरचीही मुकी. तिने अँपचं माहितीपुस्तक काढलं. बाय-अँपिंगसाठी नुसत्या तारा जोडून भागत नाही, अँपच्या सेटिंगच्या यादीत जाऊन तशी आज्ञा द्यावी लागते, नाहीतर त्या जागांतून काहीच बाहेर येत नाही. ती आज्ञा कुणी दिलीच नव्हती. पट्टी काढल्यामुळे जुनी वाट बंद झाली आणि नवी उघडलीच नव्हती. बारीक आवाज कालपर्यंत उपाशी होता की नव्हता कोण जाणे, आज मात्र त्याचा अन्नपाण्याशी संबंधच तुटला होता.

आणि घरात दोन माणसांनी त्या मुक्या स्पीकरची तोंड भरून तारीफ केली होती.

तिला आधी हसू आलं. मग लगेच विरलं. हे सांगायचं म्हणजे बाबांना सांगायचं, की तुमच्या घरातले अर्धे स्पीकर बंद पडले आणि तुम्हाला पत्ता लागला नाही. तिने परगावी असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, खूश आहेत ना ते? मग राहू दे की."

तिने आठ दिवस राहू दिलं. तेवढ्यात फोरमनना संवाद पुन्हा अस्पष्ट वाटायला लागले. पहिल्या दिवसाची नवलाई उतरली होती. नादगुरूंना फोन गेला आणि निदान आलं: अँप दुसऱ्या खोलीत हवा, स्पीकरच्या थरथरीने त्याचा नाद नासतो. दुसरी खोली म्हणजे सासूबाईंची शिवणाची खोली. सून घरी आली तेव्हा शिलाई मशीन जिन्याखाली आलं होतं आणि सासूबाई वाकून, दिव्याविना, सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होत्या. तक्रार त्यांनी केली नाही. केली असती तरी ऐकणाऱ्याला पुटपुटल्यासारखीच वाटली असती.

दुसऱ्या दिवशी सुनेने अर्धी रजा टाकली आणि परवानगी घेऊन रुग्णालयातलं आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं.

"बाबा, मला एक माप घ्यायचंय. तुमची मदत हवी."

माप म्हटल्यावर फोरमन उठले. चौतीस वर्षं त्यांनी गेज लावल्याशिवाय एकही तुकडा पास केला नव्हता. एकदा मालकाच्या मेव्हण्याने डोळ्यांनी बघून पास केलेली अख्खी गाडी त्यांनी परत उतरवून घेतली होती.

तिने यंत्र स्पीकरसमोर स्टुलावर ठेवलं. सासूबाईंनाही बोलावून बसवलं. "मी आता एक बारीक शिट्टी वाजवणार आहे. तुम्ही फक्त आकडा वाचा."

"अडतीस," फोरमन म्हणाले. "वाजव की."

"वाजतेय, बाबा."

"मला काही ऐकू येत नाही."

"मलाही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कुणालाच येणार नाही. अडतीस हा नुसता खोलीचा आवाज. ट्विटर बंद आहेत. गुरुजी आले त्या दिवसापासून."

सुनेने अँप बंद केला, वरच्या खुंट्यांच्या तारा सोडवल्या. पितळी पट्ट्या फोरमननी काचेच्या कपाटात निवृत्तीच्या मानचिन्हाशेजारी ठेवल्या होत्या. त्या काढून तिने जागच्या जागी घट्ट बसवल्या. अँप सुरू केला, तीच शिट्टी लावली.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. "अगं बाई, बंद कर ते!"

यंत्रावर एकोणऐंशी आकडा दिसत होता. फोरमन आकड्याकडे बघत होते, मग बायकोच्या झाकलेल्या कानांकडे, मग पुन्हा आकड्याकडे. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. खोली त्यांच्यापुरती पहिल्याइतकीच शांत होती.

"यंत्र बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"गेल्या महिन्यात तपासून आलंय."

फोरमननी यंत्र उचलून त्याच्या पाठीवरचा तपासणीचा शिक्का वाचला. मग म्हणाले, "म्हणजे तुकडा मीच आहे, नापास झालेला."

"नापास कसले, बाबा? झिजलात. प्रेसने झिजवलं. बोलण्यातली स, श, त, फ ही अक्षरं या बारीक आवाजात असतात. ती गळली की समोरचा पुटपुटल्यासारखाच वाटतो. त्याला स्पीकर काय करणार?"

फोरमन बायकोकडे वळले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण फोरमन माणसाला माफी मागायची सवय नसते. ते जिन्याखाली गेले, शिलाई मशीन एका बाजूने उचललं आणि म्हणाले, "चल, दुसरी बाजू धर."

पुढच्या आठवड्यात त्यांनी कान तपासून घेतले. दोन्ही कानांचा आलेख उजवीकडे कड्यावरून कोसळावा तसा कोसळला होता. कानांत यंत्रं बसली. पहिले चार दिवस त्यांना नळ, पिशव्या आणि स्वतःच्या चपला यांचा भयंकर त्रास झाला. पाचव्या दिवशी त्यांनी सिनेमा लावला, पट्ट्या जागेवर असलेल्या स्पीकरवर, मधला स्पीकर परत जोडून. सासूबाईंच्या खोलीचं दार उघडंच राहिलं.

नंतरच्या रविवारी त्यांनी सुनेकडून ते मोजायचं यंत्र मागून घेतलं. "तूही चल. मी गोंधळलो तर सांग."

दुकानावरच्या मजल्यावर पुन्हा सव्वीसेक माणसं जमली होती. पट्ट्या निघाल्या, गाणं लागलं, दाताच्या डॉक्टरांना पुन्हा श्वास ऐकू आला. तेवढ्यात फोरमन उठले.

"गुरुजी, एक माप घेऊ द्या."

नादगुरू हसले. "नाद मोजायचा नसतो, फोरमनसाहेब. अनुभवायचा असतो. मोजला की मरतो."

"का हो?" कंत्राटदार म्हणाला. "मी विटा मोजतो, एकही मेली नाही अजून."

लोक हसले. हसलेल्या लोकांसमोर नाही म्हणणं अवघड जातं. यंत्र मधल्या खुर्चीवर बसलं. फोरमननी गाण्याऐवजी एकसारखी खरखर लावायला सांगितली, म्हणजे आकडा नाचणार नाही. खटका एकवर: बहात्तर. खटका दोनवर: पंचाहत्तर.

"तीन डेसिबल जास्त," सून म्हणाली. "तेवढा फरक बहुतेक कानांना मोठा म्हणून कळत नाही, चांगला म्हणून कळतो. स्वच्छ वाटतो, भरलेला वाटतो. आमच्या खोलीत रोज बघते मी."

फोरमननी काळ्या पेटीवरचं ते कुरवाळलेलं बटण मागे फिरवलं, दोन्हीकडे बहात्तर येईपर्यंत. मग दाताच्या डॉक्टरांना खटक्यापाशी बसवलं आणि पेटीपुढे खिडकीचा पडदा ओढला. डॉक्टरांनी नाणं उडवायचं, छापा आला तर एक, काटा आला तर दोन, आणि स्वतःपाशी लिहून ठेवायचं. बाकीच्यांनी ऐकून आपापल्या कागदावर लिहायचं. असं दहा वेळा.

"यात काय, सहज ओळखू," कंत्राटदार म्हणाला. तिसऱ्या फेरीपासून तो गप्प झाला. सातव्या फेरीत एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कागदात डोकावून पाहिलं. शेजाऱ्याने कागद झाकला, पण त्याच्याही कागदावर खाडाखोडच होती.

नादगुरू आणि डॉक्टर वगळून पंचवीस जणांनी दहा-दहा उत्तरं लिहिली. अडीचशेपैकी एकशे तेवीस बरोबर आली. सगळ्यांनी घरी बसून नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

"मग या बाय-अँपिंगमध्ये काहीच अर्थ नाही?" पडद्याबाहेर येत डॉक्टरांनी विचारलं. आवाजात तक्रार होती, जणू फोरमननीच काहीतरी काढून घेतलं होतं.

"मोठ्या सभागृहांत आहे," फोरमन म्हणाले. "पण तिथे जाड आणि बारीक आवाज अँपमध्ये शिरायच्या आधीच वेगळे करतात. तो कारभारच निराळा. आपल्या घरी ते वेगळं करणारं सर्किट स्पीकरच्या पोटात असतं आणि पट्टी काढली तरी तिथेच राहतं. आमच्या अँपचं म्हणाल तर दोन्ही तारा एकाच अँपच्या पोटातून येतात. एका टाकीला दोन नळ लावले म्हणून टाकीत पाणी वाढत नाही. आणि इथल्यासारखी दुसरी टाकी आणून ठेवली, तरी आपण पहिलीच कधी पुरती रिकामी करत नाही." ते थांबले. "माझ्या घरी तर ट्विटरच बंद होते. आठ दिवस. मी काय स्वच्छ आवाज, काय स्वच्छ आवाज म्हणून नाचत होतो. कारण माझे कान गेलेत. हे बघा." त्यांनी मान वळवून कानातलं यंत्र सगळ्यांना दाखवलं. "मला लाज वाटायची ती वाटून झाली. मी गुरुजींवर विश्वास ठेवला त्याचं काही नाही. गेज न लावता पास केलं, ते चुकलं. तुम्ही लावा. आवाज सारखा करा, पडदा ओढा, कागदावर लिहा. त्यातूनही फरक ऐकू आला तर खुशाल तारा ओढा, मी स्वतः पेचकस घेऊन येईन."

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. काही जण जोडे घालून निघून गेले, काही नादगुरूंपाशी जाऊन "आज हवा दमट होती, त्यानेही फरक पडतो" असं सांगू लागले. चौघांनी मात्र सुनेला रुग्णालयाची वेळ विचारली. त्यात दाताचे डॉक्टर होते. दाताचं यंत्रही काही कमी किंचाळत नाही.

पाचवे आले बुधवारी दुपारी, नाव न नोंदवता. डोक्यावर टोपी, गळ्याला मफलर. सुनेने ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. तिने नादगुरूंना काचेपलीकडे बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

ते मन लावून ऐकत होते. डोळे मिटून, मान किंचित तिरकी. बारीक आवाजांपाशी आल्यावर त्यांनी लागोपाठ सहा वेळा बटण दाबलं. तिने कागदावर पाहिलं. त्या सहांपैकी एकाही वेळी तिने काही वाजवलं नव्हतं.

ती दार उघडून आत गेली. "आत्ता काही वाजलं नव्हतं, गुरुजी."

नादगुरूंनी हेडफोन काढले.

"दुकानात मी आवाज वाढवायचो, ते खरं," ते हळूच म्हणाले. "धंदा होता. पण फोरमनसाहेबांच्या घरी मी काही केलं नव्हतं. तिथे मला खरंच ऐकू आलं होतं हो. अगदी स्वच्छ."

"आलं असणार," सून म्हणाली. "मनात असलं की सगळ्यांनाच येतं, मलाही येतं. म्हणूनच पेशंटला मी माझा हात दिसू देत नाही. मी काय वाजवलं ते इथे लिहिते, तुम्ही काय ऐकलं ते तिथे, आणि मग दोन्ही ताडून बघते. यात माझी काही विद्या नाही. कुणालाही घरी करता येतं."

नादगुरूंनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. मग हेडफोन उचलून स्वतःच कानांवर चढवले.

"परत एकदा घ्या," ते म्हणाले. "या वेळी ऐकू आलं, तरच दाबतो."